तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे साउंडवाले असताना तुम्हालाच का बोलावतात?

साउंडचा कोर्स करून नुकती बाहेर पडलेली मुलं भेटली की चहा यायच्या आत विचारतात, "सर, पुण्यात गल्लोगल्ली साउंडवाले झालेत, घरोघरी स्टुडिओ झालेत. यात आपलं नाव कसं व्हायचं?" त्यांना बहुतेक वेळा माझ्या मिक्सरचं मॉडेल ऐकायचं असतं. मी जे सांगतो ते त्यांना जरा मिळमिळीत वाटतं.

बरीच वर्षं मी मिळेल ते करत होतो. लग्नातला ऑर्केस्ट्रा, गणपतीतले कार्यक्रम, शाळेचं गॅदरिंग, कुणाच्या तरी पॉडकास्टची साफसफाई. पुढच्या वर्षी तेच लोक पाचशे रुपये कमी घेणाऱ्याला बोलवायचे. त्यांचं काही चुकत नव्हतं. त्याच्यात आणि माझ्यात फरक काय, हे मलाही सांगता आलं नसतं.

मग शास्त्रीय गाण्याच्या एका बैठकीला गेलो, तेही ठरलेला माणूस आजारी पडला म्हणून. गवई पांढरी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला सा धरून, गाणारे. साउंड चेकला सगळं ठीक होतं. गाणं सुरू झालं आणि ते सारखे मागे वळून तानपुऱ्यावरच्या शिष्याला खुणावू लागले. पोरानं दोनदा खुंट्या पिळल्या. "लागत नाहीये रे!" मी मिक्सरवरची तानपुऱ्याच्या आवाजाची सरकपट्टी, म्हणजे फेडर, वर केला, खाली केला, मॉनिटरमध्ये, म्हणजे गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, वाढवून पाहिला. ढिम्म फरक नाही. शेवटी पेटीवाल्यांनी माझ्याकडे बघून नुसतं कानाला बोट लावलं. हेडफोन चढवला तेव्हा ऐकू आली ती बारीक घूं.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ती साउंडमध्ये शिरली की १०० आणि १५० हर्ट्झचे सूरही सोबत आणते. पांढरी दोनचा पुरुषी सा १४७च्या आसपास असतो. म्हणजे खऱ्या सा-ला चिकटून, किंचित चढा असा एक खोटा सा हॉलभर वाजत होता. तानपुरा बिचारा सुरातच होता, बेसूर होती ती वीज. कार्यक्रम सुरू होता होता व्हिडिओवाल्यांनी माझ्या मिक्सरमधून आवाजाची वायर नेली होती, आणि त्यांचा कॅमेरा पलीकडच्या भिंतीतल्या प्लगवर होता. दोन ठिकाणचं अर्थिंग असं एका वायरीनं जोडलं गेलं की घुमतं. मी वायर उपटली. गवयांनी डोळे मिटले ते पुढचा पाऊण तास उघडले नाहीत. व्हिडिओवाल्यांना त्या दिवशी आवाज मिळाला नाही, ते अजून चिडून असतील.

तेव्हापासून पिशवीत दोन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज पलीकडे देतात पण अर्थिंग जोडू देत नाहीत, कॅमेऱ्याला आवाज द्यायचा तो त्यांच्यातूनच. आणि एक वही असते.

वहीत कलाकारागणिक एकेक पान. पट्टी कुठली, मॉनिटरमध्ये तानपुरा किती, तबल्याचा बायाँ किती, दर दोन मिनिटांनी हातानं माइक कोण सरकवतं. "आवाज वाढवा" म्हणजे बाहेरचा की स्वतःला ऐकू येणारा, हे प्रत्येकाचं वेगळं. एक ताई "कोरडं वाटतंय" म्हणतात. पहिल्यांदा मी रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, वाढवला आणि बोलणी खाल्ली. त्यांना तानपुरा कमी पडत होता. माइकनं शिट्टी मारली की पुष्कळ जण वरचा, तीक्ष्ण आवाज सरसकट कापतात. शिट्टी जाते, पण जवारीचं, म्हणजे तानपुऱ्याच्या त्या झणझणत्या नादाचं, तेजही तिथेच असतं, तेही जातं. मी आधी मॉनिटर माइकच्या पाठीमागे सरकवून बघतो. मांडी घालून बसलेल्या गायकासमोर माइक खालून वर बघत असतो, त्यामुळे ती जागा उभ्या गायकाच्या हिशेबानं सापडत नाही.

डीजेची कामं सोडून गाण्याच्या बैठकी धरल्या तेव्हा दोनेक वर्षं हात आखडून राहावं लागलं, हेही सांगायला हवं. घरून विचारणा व्हायची, आणि ती रास्त होती. पावसाळ्यात अजूनही ऑडिओबुकांवर भागवतो. पंखा बंद, खिडक्या बंद, रेकॉर्डिंगमधल्या शांततेचा आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली हवा, आणि बाहेर पारवे.

गेल्या दिवाळीत त्या कोर्सवाल्या मुलांतल्याच एकानं विचारलं, "सर, ती वही बघायला मिळेल?" नाही म्हटलं. लोकांच्या सवयी आहेत त्यात, दाखवायच्या नसतात. पण दिवाळी पहाटला ये म्हणालो. कार्यक्रम उघड्यावर होता. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर लावायचा नाही, म्हणून चेक आदल्या संध्याकाळीच उरकायचा होता. पोरगा वेळेच्या अर्धा तास आधी हजर. आल्या आल्या केबल उचलली आणि कोपराभोवती कराकरा गुंडाळायला लागला. मी काही बोलायच्या आत तबलजी ओरडले, "अरे, ती सुतळी नाहीये!"