कुकरच्या डब्यातला ब्रेड

अर्धापूरच्या केळ्यांची फणी घरात आली, की दोन दिवस ती हिरवी राहते, तिसऱ्या दिवशी सगळी केळी एकदम पिकतात आणि पाचव्या दिवशी सालीवर असे काळे डाग पडतात की उपवासालाही त्यांना कोणी हात लावत नाही. नांदेडात राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला हा प्रसंग वरचेवर येतो. शिकरण तरी किती दिवस खाणार? म्हणून मी बनाना ब्रेडकडे वळले. त्यात यीस्ट नाही, मळणे नाही, कणीक फुगण्याची वाट पाहणे नाही. खायचा सोडा आणि आंबट दही यांची गाठ पडली की काम सुरू होते. मात्र हाती येईल त्या कृतीत ‘९ बाय ५ इंचांचे लोफ टिन’, म्हणजे पाव भाजायचा लांबट साचा, अशी अट असे, आणि माझ्या मांडणीवर डबे, भगोनी, पराती असे सगळे असले तरी ते टिन तेवढे नव्हते.

शेंगा सोलत बसलेल्या सासूबाईंनी माझी शोधाशोध पाहून विचारले, “काहून गं, कुकरचे डबे काय नुसत्या वरणालाच जन्मले का?” गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना साच्यावाचून अडते हे पटणे कठीणच होते.

मी त्यांचे ऐकले नाही. दुधाचे उंच, अरुंद पातेले दिसायला नेटके वाटले म्हणून त्यात सगळे मिश्रण ओतले. तासाभराने ब्रेड वरून गुळासारखा तांबूस झाला होता, घरभर वेलदोड्याचा वास सुटला होता. पण सुरी घातली तेव्हा मधोमध वाटीभर कच्चे पीठ हलत होते. आणखी अर्धा तास ठेवल्यावर मध्य शिजला आणि कडा मात्र वीट झाल्या.

चूक आकाराची नव्हती, खोलीची होती, हे नंतर कळले. ओले पीठ उष्णता फार सावकाश आत जाऊ देते. लोफ टिन लांब असले तरी रुंदीला पाचच इंच असते, म्हणजे त्याचा मध्य दोन्ही बाजूंपासून अडीच इंचांवर येतो आणि तिथवर आच वेळेत पोचते. यीस्टच्या पावात मळलेल्या कणकेची जाळी वायू धरून ठेवते. या ब्रेडमध्ये तशी बळकट जाळी नसते, त्यामुळे सोड्याचे बुडबुडे निघून जाण्याआधी पीठ घट्ट होणे गरजेचे असते. म्हणूनच मिश्रण कालवून झाल्यावर भांडे शोधत बसण्यासारखा दुसरा घात नाही. भांडे आधी ठरवावे, त्याला तूप लावावे आणि मगच दह्यात सोडा घालावा.

भांडे ठरवायचे ते पाण्याने. ९ बाय ५ च्या टिनमध्ये काठोकाठ साधारण ८ कप, म्हणजे दोन लिटरला थोडे कमी पाणी मावते. आठ इंच व्यासाचा आणि अडीच इंच उंचीचा गोल डबा जवळजवळ तेवढाच भरतो. माझा कुकरचा डबा साडेसहा इंचांचा. त्यात मोजून साडेसहा कप पाणी मावले. भांडे दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, या हिशेबाने कपभर मिश्रण उरते. ते मी दोन स्टीलच्या वाट्यांत घालते. वाट्या १८० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटांत होतात, डब्याला तास लागतो, आणि त्या मधल्या वेळेत वाट्या कोणी फस्त केल्या याची चौकशी आमच्याकडे होत नाही.

धातूकडेही पाहावे लागते. आमचा जुना जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा डबा स्टीलच्या डब्यापेक्षा केव्हाही सरस, कारण ॲल्युमिनियम स्टीलच्या दहापटीहून अधिक सहजतेने उष्णता वाहून नेते. चकचकीत भांडे बरीचशी आच परतवून लावते आणि काळवंडलेले ती शोषून घेते. तेव्हा काळ्या टिनमध्ये ब्रेड दहा मिनिटे आधीच पाहावा. लग्नात आहेर म्हणून आलेले ओव्हनचे काचेचे भांडेही मी वापरून पाहिले. काच उशिरा तापते, पण तापली की सोडत नाही, त्यामुळे कडा करपतात. त्यासाठी ओव्हन पंधराएक अंशांनी कमी ठेवते, आणि गरम भांडे ओल्या ओट्यावर टेकवत नाही.

डब्यातल्या ब्रेडच्या माथ्यावर लांबट टिनसारखी सरळ भेग पडत नाही. मधोमध तीन-चार फाट्यांची चिरफळी उमटते, उन्हाळ्यात आमच्या काळ्या रानाला पडते तशी. त्याचे सारख्या मापाचे काप होत नाहीत, हे मला पहिल्यांदा खटकले होते. सासूबाईंनी सुरी मागून घेतली, भाकरीचे करावेत तसे त्याचे चार चतकोर केले, आणि जास्त भाजलेल्या कडेचा चतकोर आधी आपल्या ताटलीत ओढला.