विन्हला उतरू नका

पालकांसमोरचा तास होता. मागच्या भिंतीला टेकून अकरा आया, अकराही मोबाइल रेकॉर्डिंगला वर धरलेले. आदल्या दिवशी मॅनेजरबाई हळूच म्हणाल्या होत्या, "कुणी विचारलं तर इंडिया लगेच सांगू नकोस." व्हिएतनाममध्ये, हनोईतल्या आमच्या क्लासचा हिशोब साधा होता: इंग्रजी शिकवणारा म्हणजे गोरा. माझ्यासारखीला तेच काम, पगार कमी.

धडा 'गोइंग टू'चा. पुस्तकातला टॉम सुट्टीत कुठे जाणार यात पोरांना काडीचाही रस नव्हता, म्हणून मी माझाच बेत फळ्यावर काढला. मेअखेर करार संपत होता. मिरज जंक्शनला वाढल्यामुळे रेल्वेशिवाय प्रवास मी धरतच नाही. हनोई ते हो ची मिन्ह सिटी १७२६ किलोमीटर रेल्वेने, तिथून बसने नॉम पेन्ह, पैसे उरले तर बँकॉक. स्टेशनं लिहीत सुटले: निन्ह बिन्ह, थान्ह होआ, मग विन्ह.

"आय ॲम गोइंग टू विन्ह," म्हटलं आणि वर्गात खसखस पिकली.

पुढच्या बाकावरचा नऊ वर्षांचा पोरगा उठला. "को, नो." को म्हणजे बाई, आत्यालाही तोच शब्द. त्यानं वरचे दात खालच्या ओठावर टेकवले आणि व्ह्ह्ह असा आवाज काढून दाखवला. आपला मराठी 'व' दात असे घट्ट न टेकवताच निघतो. वेस्ट काय नि व्हेस्ट काय, आपल्याला सारखंच. त्यांच्या कानाला हे दोन वेगळे. १२० तासांच्या टीचिंग कोर्समध्ये कुणी पकडलं नव्हतं, ते इथं अकरा मोबाइलसमोर. कानशिलं तापली. रेटून न्यावं असं क्षणभर वाटलं. पण त्यालाच म्हटलं, "अगेन." तिसऱ्या खेपेला जमलं, टाळ्या पडल्या.

"नाऊ यू. राइस."

"राय."

त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी 'स' येतच नाही. लाइफ, लाइक, लाइट, सगळ्यांचं 'लाय' होतं. फळ्यावर पंक्चर झालेलं चाक काढलं आणि हवा सोडली: राइस्स्स. स्कूटरच्या गावातली पोरं ती! पुढची पाच मिनिटं वर्गभर टायर फुसफुसत होते.

तास संपल्यावर त्याची आई फोनवरचा अनुवाद घेऊन आली. कुठल्या देशाच्या? "इंडिया," मी म्हटलं. मॅनेजरबाई पाण्याच्या कूलरकडे बघत राहिल्या. आई पुन्हा फोनशी बोलली आणि फोन इंग्रजीत म्हणाला, "माझा मुलगा तुम्हाला पुढेही शिकवू शकेल का?" मशीन चुकलं की त्या आईनं थट्टा केली, मला अजून कळलेलं नाही.

पोरगा जाताजाता म्हणाला, "को, विन्ह व्हेरी हॉट. डोन्ट स्टॉप." त्याची आजी तिथलीच. उन्हाळ्यात लाओसकडून कोरडा, भाजणारा वारा येतो म्हणे.

तिकीट थेट दा नांगचं काढलं. डावीकडची खिडकी मागून घेतली. ह्वे शहरानंतर हाय वानच्या घाटात समुद्र त्याच बाजूला. मध्यरात्रीनंतर गाडी विन्हला थांबली. पाटी दिसली तसं दात टेकवून नाव वाचलं, जरा मोठ्यानंच. शेजारच्या काकूंना वाटलं मला इथंच उतरायचंय. त्यांनी लगबगीनं माझी सॅक खाली काढून दिली.