भरिताच्या पंगतीत मर्सो

गेल्या हिवाळ्यात सावद्याजवळच्या एका केळीच्या मळ्यात भरीत पार्टीची सर्व्हिस माझ्याकडे होती. थंडी पडली की आपल्याकडे अशा पार्ट्या चालूच असतात. पण यजमान केळी निर्यातदार, आणि यंत्रांच्या कामासाठी त्यांच्याकडे फ्रान्सहून आलेला पाहुणा निघाला बर्गंडीचा, बोन शहराजवळचा. येताना त्याने मर्सोच्या, म्हणजे तिथल्याच मर्सो गावच्या व्हाइट वाइनच्या, दोन बाटल्या आणल्या होत्या. यजमानांनी त्या माझ्याकडे दिल्या आणि म्हणाले, "भाऊ, बर्फात खुपसून ठेवा. मस्त गारेगार होऊ द्या."

मी आधी क्रूझ जहाजावरच्या रेस्टॉरंटमध्ये नोकरीला होतो, त्यामुळे ही वाइन मला ओळखीची. बर्फाचं टोपलं मी बाजूला सरकवलं. व्हाइट वाइन म्हणजे थंडगार हा समज हलक्या, आंबटसर वाइनपुरता ठीक आहे. मर्सो ओकच्या पिंपात मुरलेली असते. ती फार गार केली की तिचा वास दबतो आणि जिभेवर नुसतं लाकूड उरतं. बारा-तेरा अंशांवर ती खरी बोलू लागते. मी फडकं ओलं करून बाटल्यांना गुंडाळलं आणि त्या केळीच्या बांधावर वाऱ्याला ठेवल्या. डिसेंबरातल्या संध्याकाळी तेवढं पुरतं. मग यजमानांना बाजूला घेऊन कारण सांगितलं. पाहुण्यांसमोर सांगणं बरं दिसलं नसतं.

खरी काळजी मला जेवणाची होती. तुरकाठ्यांच्या जाळावर बामणोदची वांगी भाजली जात होती, शेजारी हिरव्या मिरच्यांचा ढीग पडला होता. वाइनमध्ये साधारण तेरा टक्के अल्कोहोल असतं, आणि तिखटावर अल्कोहोल पडलं की तोंडाची आग दुप्पट होते. ओकचा तुरटपणाही मग कडू लागतो. आचाऱ्याला म्हटलं, "दादा, एका भांड्यात थोडं भरीत कमी मिरचीचं काढाल का?" त्याला ते पटलं नाही. "कमी तिखटाचं भरीत कोनी खातं का, भाऊ?" पण काढलं त्याने. लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे सगळं तेवढंच, मिरची नावाला.

ही खटपट कशासाठी, तर धुरासाठी. मर्सोची द्राक्षं शार्डने जातीची. रस 228 लिटरच्या ओकच्या पिंपात आंबवतात आणि पुढे कित्येक महिने तिथेच ठेवतात. पिंपाच्या फळ्या आधी दोन-तीन वर्षं उघड्यावर ऊन-पावसात पडून असतात. मग पिंप जुळवताना त्या विस्तवावर वाकवतात आणि आतली बाजू शेकतात. भाजल्या बदामासारखा, किंचित धुरकट वास येतो तो त्या शेकण्यातून. तळाशी बसलेला यीस्टचा गाळ अधूनमधून काठीने ढवळतात, त्याने वाइनला अंग येतं. शिवाय आत जिवाणूंचं एक काम चालतं: हिरव्या सफरचंदात असतं ते मॅलिक आम्ल बदलून दह्यातलं लॅक्टिक आम्ल होतं. लोण्याची आठवण करून देणारा वास त्याच बदलात तयार होतो. इतकं सगळं असूनही वाइन जड होत नाही, कारण तिथल्या चुनखडीच्या उतारांवर, थंड हवेत पिकलेल्या द्राक्षांना मुळातच धार असते.

ग्लासात ओतली तेव्हा कंदिलाच्या उजेडात ती फिकट सोनेरी दिसत होती. पाहुण्याने केळीच्या पानावरून कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडला, भरिताला लावून खाल्ला, वर एक घोट घेतला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "स्मोक," एवढंच म्हणाला. वांग्याचा धूर आणि पिंपाचा धूर जुळला होता. माझ्या कामात असा क्षण क्वचित येतो, आणि आला की दिवसभराची धावपळ विसरायला होते.

मग गप्पा रंगल्या. मर्सोत ग्रां क्रू, म्हणजे सर्वात वरच्या दर्जाचा एकही मळा नाही, पण तिथल्या पेरिएर, शार्म, जनेव्रिएर या प्रीमिये क्रू, म्हणजे त्याखालच्या दर्जाच्या मळ्यांचा मान मोठा, हे तो अभिमानाने सांगत होता. मात्र थंडीचा विषय निघाला तसा त्याचा आवाज बदलला. 2016 च्या एप्रिलअखेर दंव पडून कोवळे कोंब काळे पडले. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा तीच भीती, तेव्हा लोकांनी पहाटे ओला पेंढा पेटवून मळ्यांवर धुराचा पडदा धरला. गोठलेल्या कोंबांवर थेट ऊन पडलं तर ते करपतात, म्हणून. 2021 च्या एप्रिलमध्ये ओळींमधून मोठमोठ्या मेणबत्त्या लावून रात्री जागवल्या, तरी फार नुकसान झालं. शार्डने लवकर फुटते, म्हणून तिलाच जास्त फटका बसला.

यजमानांचे वडील माळकरी. ते वाइनपासून दूर, खाटेवर बसले होते. मी त्यांना मराठीत सांगत गेलो तसे ते जवळ आले. "आपन बी तं केळीत हेच करतो ना," ते म्हणाले. रावेर-यावल पट्ट्यात पारा फार उतरला की केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, घड नीट निसवत नाहीत. म्हणून रात्री बागेला पाणी द्यायचं आणि बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचा. पाहुण्याने विचारलं, ओला जाळता की सुका? बाबांनी उलट विचारलं, वारा कोणीकडून असतो? मी दोघांच्या मध्ये उभा राहून भाषांतर करत होतो. पंगत वाढायचं काम तेवढा वेळ पोरांनी सांभाळलं.

शेवभाजी आली तेव्हा यजमान दुसरी बाटली उघडायला निघाले. मी स्पष्ट नाही म्हटलं. लाल तर्रीपुढे ती वाइन वाया गेली असती. "उद्या वरण-बट्टी करा, तूप हात सैल सोडून वाढा, आणि मग उघडा," असं सुचवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. तुपातल्या बट्टीसोबत झकास लागली म्हणे, पण घोटलेल्या वांग्याच्या भाजीत वहिनींनी नेहमीसारखी मिरची टाकली होती, म्हणून भाजी वाइन संपल्यावरच खाल्ली.