दीडशे युनिटांची रेघ आणि दिवसाची सूट: इंदूरचं वीजबिल

मुंबईचं बेस्ट किंवा केरळातलं त्रिशूर, अशा मोजक्याच ठिकाणी वीजवाटप महापालिकेकडे आहे. इंदूरची वीज पोलोग्राउंडवरून चालते, म्हणजे पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडून. नगर निगमकडे रस्त्यावरचे दिवे आणि नर्मदेचं पाणी. पण कंपनी कोणाचीही असो, ग्राहकाला काटकसरीकडे वळवायचं तिचं खरं साधन बिल हेच. आपल्या बिलात अशा दोन खुणा आहेत, आणि त्या दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. आपलं घर कोणत्या खुणेत येतं हे कळल्याशिवाय दिवे बंद करत फिरण्यात फारसा अर्थ नाही.

पहिली खूण दीडशे युनिटांची. अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल तर पहिल्या १०० युनिटांना १०० रुपयेच पडतात. १५१ वं युनिट पडलं की त्या महिन्याची सगळी सवलत जाते आणि बिल एकदम काहीशे रुपयांनी चढतं. हिशोब दिवसाला ५ युनिटांचा आहे. रीडिंग ३३ दिवसांनी झालं तर मर्यादा १६५ धरली जाते, म्हणून बिलावरचे दिवस आधी मोजा आणि मग घाबरा. दीडशेच्या वर गेल्यावर स्थिर आकारही वापराच्या मागे लागतो. आपल्याकडे दर १५ युनिटांना किंवा त्याच्या भागाला ०.१ किलोवॉट भार धरतात आणि आकार त्या भारावर लावतात. ३५० युनिटं वापरली तर २.४ किलोवॉट. त्यामुळे ‘स्थिर’ आकारही कमी करता येतो, हे फार थोड्यांना माहीत असतं.

दुसरी खूण वेळेची. २०२५-२६ च्या दरपत्रकात स्मार्ट मीटर असलेल्या १० किलोवॉटपर्यंतच्या ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराच्या ऊर्जा आकारावर २० टक्के सूट आहे. कारण सरळ आहे: दुपारी सौरवीज भरपूर असते, आणि संध्याकाळी ती नसताना सगळ्यांचे एसी आणि दिवे एकाच वेळी लागतात. तारेतून दुप्पट करंट गेला की तिच्यातला तोटा चौपट होतो. मे महिन्यात गल्लीतली डीपी रात्री तापते ती याचमुळे.

आता फरक बघा. १४५ ते १६० युनिटांत घुटमळणाऱ्या घराला कपडे दुपारी धुऊन फायदा नाममात्र. त्याला युनिटंच कमी करायला हवीत. ३००-४०० युनिटं वापरणाऱ्याला मात्र इस्त्री, वॉशिंग मशीन आणि टाकी भरायची मोटर दिवसा चालवली तर सूट खरोखर हाती लागते. अर्थात नर्मदेचा नळ आपल्या सोयीने येत नाही, म्हणून संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, पाणी साठवायचं आणि वर चढवायचं काम नऊनंतर करायचं. सकाळी सातच्या अंघोळीचा गीझर या सूट मिळणाऱ्या वेळेत बसत नाही. त्याचं गणित वेगळं: १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला जेमतेम अर्धं युनिट लागतं. बाकीचं जातं तो तासन्‌तास चालू ठेवल्याने. थर्मोस्टॅट ५० वर आणा आणि अंघोळीआधी पंधरा-वीस मिनिटंच चालू करा.

दीडशेच्या आसपासच्या घरांनी पहिल्यांदा रात्रीचा गुपचूप वापर शोधावा. मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि पाटीवर ‘३२०० इम्पल्स प्रति युनिट’ असा आकडा छापलेला असतो. सगळे दिवे-पंखे बंद करा आणि फ्रिजचा प्लग काढा, नाहीतर कॉम्प्रेसर मध्येच सुरू होऊन मोजणी फसते. पहिल्या लुकलुकीला शून्य म्हणा, दहावीपर्यंतचे सेकंद मोजा आणि दहाने भागा. मग ११२५ ला त्या सेकंदांनी भागलं की वॅट मिळतात. मीटर १६०० इम्पल्सचा असेल तर ११२५ च्या जागी २२५०. एका लुकलुकीला १९ सेकंद लागत असतील तर सुमारे ६० वॅट चालू आहेत, म्हणजे महिन्याला ४३ युनिटं! सेट-टॉप बॉक्स, राउटर, टीव्ही आणि भरलेली बॅटरीही सतत जपत बसणारा जुना इन्व्हर्टर हे नेहमीचे दोषी. इन्व्हर्टर बंद करू नका, पण बॅटरीतलं पाणी पाहा. जीर्ण बॅटरी पूर्ण भरतच नाही आणि वीज खात राहते.

घरातली एक पोलची (फक्त फेज तोडणारी) मेन एमसीबी खाली केली आणि तरीही मीटरचा दिवा लुकलुकला, तर कोणाचा तरी न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची वाट, तुमच्या मीटरमधून जातेय. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत वाटण्या होऊन दोन मीटर लागले, पण वायरिंग तेच राहिलं, तिथे हे हमखास होतं. फेज आणि न्यूट्रल यांपैकी ज्यात करंट जास्त, तो धरून आजचे मीटर मोजतात. त्यामुळे शेजारच्या खोलीचा कूलर तुमच्या बिलात येऊ शकतो. वायरमनकडून दोन्ही घरांचे न्यूट्रल वेगळे करून घेणं हाच इलाज. मीटर बदलून काही होत नाही.

त्यानंतर पंखे. साधा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. रोज १५ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिटं वाचतात. आधी जो सर्वांत जास्त चालतो तोच बदला, पाहुण्यांच्या खोलीतला नाही. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढून टाका. तो राहिला तर बीएलडीसी गुणगुणतो आणि त्याचं इलेक्ट्रॉनिक कार्ड जळू शकतं.

एसीचा एक अंश वाढवला तर साधारण ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. पण माळव्याच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये कूलर दीड-दोनशे वॅटमध्ये काम करतो, फक्त समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत तो दमटपणाच वाढवतो. पाऊस सुरू झाला की त्याचा उपयोग संपतो.

आपल्या कंपनीने अजून एक गोष्ट करावी असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेत सॅक्रामेंटोच्या सार्वजनिक वीजसंस्थेने २००८ मध्ये ३५,००० ग्राहकांना तशाच आकाराच्या शेजारच्या घरांशी तुलना करणारा अहवाल पाठवला. सहा महिन्यांत त्यांचा वापर इतरांपेक्षा सुमारे २ टक्के जास्त उतरला. कमी वापरणाऱ्यांना ‘तुम्ही सरासरीच्या खाली आहात’ एवढंच सांगितलं तर ते ढिले पडतात, म्हणून शाबासकीचा हसरा चेहरा जोडावा लागतो. रुसलेला चेहरा मात्र लोकांना आवडला नाही आणि तो काढावा लागला. त्याच संस्थेने १९९० पासून घरांना सावलीची झाडं फुकट दिली, आणि उन्हाळ्यातली दुपार बघता पश्चिमेच्या बाजूचं झाड सर्वांत उपयोगी. सुदामा नगरसारख्या वसाहतींत पश्चिमेच्या भिंतीपासून पुरेसं अंतर ठेवून कडुनिंब लावता येतो. स्मार्ट मीटरची आकडेवारी कंपनीकडे आहेच, ‘ऊर्जस’ अ‍ॅपही आहे. त्यात शेजारच्या घरांशी तुलना दाखवली तर दीडशेच्या रेघेवरच्या घरांना महिना संपायच्या आतच सावध होता येईल. तोवर दर रविवारी मीटरचं रीडिंग कॅलेंडरवर लिहा. आठवड्याला ३५ च्या वर आकडा गेला तर पुढचे तीन आठवडे अजून हातात असतात.