आमची वाटचाल : बंबापासून धुराड्यापर्यंत

वर्धा-यवतमाळ रस्त्यावर देवळीच्या अलीकडे आमचं पत्र्याचं दुकान आहे. बाबा धान्याच्या कोठ्या आणि अंघोळीचे बंब करायचे. "बंबाला धुराचा नळ बसवता, मग माझ्या चुलीलाच का नाही?" असं गावातल्या एका मावशीनं विचारलं, आणि आम्ही धुराड्यांच्या कामात पडलो.

पहिला नळ त्यांच्याच घरी बसवला. तीन इंची, दोन एल्बो म्हणजे वाकडे जोड, कवेलूच्या म्हणजे कौलांच्या वर जेमतेम हातभर. वारा फिरला की सगळा धूर घरात. मावशी पदरानं डोळे पुसत भाकरी थापत होत्या, ते पाहून फार लाज वाटली. तो नळ काढून चार इंची, सरळ, आढ्याच्या वर दोन फूट निघेल असा फुकट बसवून दिला. नळ उंच आणि सरळ असला की गरम हवा जोरात वर चढते आणि धुराला ओढून नेते.

दुसरी चूक जोडाची. धूर बाहेर गळू नये म्हणून खालचा नळ वरच्यात घातला होता. पावसाळ्यात जळणाची पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या काड्या, भिजली, चूल धुमसत राहिली आणि नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीवर जोडातून डांबरासारखा काळा ओघळ उतरला. बोटाला चिकटला तर साबणानंही जाईना. तेव्हापासून वरच्या नळाचं तोंड खालच्याच्या आत. ओघळ आतल्या आत चुलीत उतरतो.

चुलीलगतचा तीन फूट तुकडा आम्ही जाड काळ्या पत्र्याचाच घालतो. जस्त चढवलेला पत्रा महाग पडतो म्हणून नव्हे. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याची वाफ छातीला वाईट. सिमेंटच्या जुन्या नळांत ॲस्बेस्टॉस असतं, ते कापायचं काम आम्ही घेत नाही. छपरातून नळ काढताना लाकडी फाट्यांपासून जागा सोडून भोवती पत्र्याचा रुंद गळा बसवतो. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी हे काम सोडत नाही, कारण वाळलेला फाटा नुसत्या तापानंही पेटतो.

वानरं कवेलूवर उड्या मारतात, म्हणून तिन्ही बाजूंनी तारेचे ताण. खाली काजळी काढायला टोपण. काम झालं की चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरतो. धूर आत वळला तरच उरलेले पैसे घेतो.

मावशींचा नळ अजून उभा आहे. खालचा काळा तुकडा तेवढा दोनदा बदलला.