कवडीपाटच्या पाणकणसात

सोलापूर रस्त्याने हडपसर मागे टाकलं की लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीपाटला वळायचं. हिवाळ्यात इथे भल्या पहाटे मोठमोठ्या लेन्सवाल्यांची गर्दी. मुळा-मुठेच्या फेसाळ पाण्यातही चक्रवाक, शेकाटे, धोबी येतात. मी मात्र काठच्या पाणकणसाकडे वळले. मला उड्या मारणारा कोळी बघायचा होता.

ऊन जरा वर आल्यावर दिसली. पाणकणसाच्या पात्यावर, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची मादी. मी वाकले तशी ती गर्रकन वळून माझ्याकडे बघू लागली. आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन टपोरे, मोटारीच्या दिव्यांसारखे. त्यांचा रंग काळ्याचा तपकिरी होत होता. डोळ्याची बाहेरची भिंग जागची हलत नाही. आतला नळीसारखा पडदा इकडे-तिकडे फिरतो, म्हणून तसं दिसतं.

शेजारच्या पात्यावर एक चिलट बसलं. बाईसाहेबांनी पोट टेकवून धागा चिकटवला, इंच-इंच पुढे सरकल्या आणि झेप! चिलटासकट खाली पाण्यावर लोंबकळल्या, नि धागा धरून वर आल्या. हे कोळी शिकारीसाठी जाळं विणत नाहीत, तो एक धागा म्हणजे सुरक्षादोर. आणि झेपेचं बळ मोठ्या स्नायूंचं नसतं. अंगातल्या द्रवाचा दाब वाढला की मागचे पाय झटक्यात सरळ होतात.

या कुळात जगभरात ६,००० हून जास्त जाती आहेत. त्यातल्या काही पाणथळीलाच धरून असतात. युरोपातली मार्पिसा रेडिआटा बोरूच्या बेटांत राहते. आपल्याकडेही शोध संपलेला नाही. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका नव्या जातीला २०२१ मध्ये हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं नाव मिळालं, आयसियस तुकारामी. शहराच्या इतक्या जवळ!

दुमडलेल्या पात्यात पांढरी रेशमी थैली दिसली. रात्रीचा मुक्काम, कात टाकणं, अंडी राखणं, सगळं तिच्यातच चालतं. पाणकणीस कापलं की हे घर गेलं. काठ स्वच्छ करायला येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: प्लॅस्टिक उचला, जलपर्णी काढा, पण पाणकणसाची बेटं राहू द्या.

जाणार असाल तर पक्षी बघून झाल्यावर लगेच परतू नका. गारठ्यात हे कोळी थैलीबाहेर पडत नाहीत. नऊनंतर, पाती उन्हात तापली की बघा. थैली मात्र उकलू नका.