तुम्ही विचारलेत म्हणून: कळफलक बदलल्याने मनगट बरे होते का?

रेमिंग्टन (जुन्या टंकलेखन यंत्रावरची कळांची मांडणी) सोडून इन्स्क्रिप्टवर (संगणकासाठीची प्रमाण मांडणी) आलो तर हाताच्या मुंग्या थांबतील का, हा प्रश्न मला विशेषतः डिसेंबरात विचारला जातो. नागपुरात तेव्हा हिवाळी अधिवेशन असते आणि अनेक टंकलेखकांची बोटे रात्री उशिरापर्यंत कळफलकावर असतात. मी सीताबर्डीत टंकलेखन शिकवते आणि हा त्रास माझ्या उजव्या हातानेही सोसला आहे.

मनगटात तळव्याच्या बाजूला, हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामधल्या अरुंद बोगद्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि त्यांच्याच सोबतीने मीडियन नर्व्हही जाते. तिथला दाब वाढून ही नस चेपली की अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, आणि पुष्कळदा रात्री हात झटकतच जाग येते. या विकाराला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. (शिफ्ट दाबून फक्त करंगळी बधिर होत असेल, तर तपासणी वेगळ्या नसेची करावी लागते.) मनगट वरच्या बाजूला वाकले किंवा करंगळीकडे वळले की हा दाब वाढतो. रेमिंग्टनमध्ये काही अक्षरे लिहिण्यासाठी अर्धे अक्षर आणि काना असे दोन ठोके लागतात, इन्स्क्रिप्टमध्ये एकच. बोटांचे तेवढे श्रम वाचतात हे मला मान्य आहे. परंतु दोन्ही मांडण्या त्याच सपाट फळीवर असतात आणि मनगटाचा कोन तोच राहतो. इंग्रजीत बोटांची धावपळ कमी व्हावी म्हणून आखलेल्या, 1936 साली पेटंट मिळालेल्या ड्वोरॅक मांडणीनेही हा विकार टळतो, असा विश्वासार्ह पुरावा नाही.

माझ्या हाताला उतार पडला तो कळफलकाचे मागचे उभे पाय मिटवल्यावर, कळफलक कोपराच्या उंचीवर आणल्यावर आणि डॉक्टरांनी दिलेली, मनगट सरळ ठेवणारी पट्टी रात्री बांधू लागल्यावर. दोन भागांत विभागलेला कळफलकही मनगट सरळ ठेवायला मदत करतो.

एका विद्यार्थिनीला मात्र मी पूर्वी इन्स्क्रिप्टच सुचवले होते. मिनिटाला 30 शब्दांचा वेग पुन्हा कमावण्यात तिचे तीन महिने गेले आणि बधिरपणा तसाच राहिला. पुढे रक्ततपासणीत तिची थायरॉइड ग्रंथी मंद असल्याचे निघाले. तिचे ते महिने माझ्या सल्ल्यापायी वाया गेले, याची खंत मला आजही आहे. थायरॉइड, मधुमेह आणि गरोदरपण यांमुळेही हा त्रास होतो, म्हणून आता मी आधी डॉक्टरांकडे पाठवते. शर्टाची बटणे लावताना बोटे चुकत असतील किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा खोलगट दिसू लागला असेल, तर अधिवेशन संपण्याचीही वाट पाहू नका. नसेची तपासणी याच आठवड्यात करून घ्या.